नवी मोटोक्रॉस गाडी आधी अंगाला बसवा

नमस्कार श्रोतेहो.

रॅलीचं वेड नाशिकला जुनंच आहे. रॅली ऑफ महाराष्ट्रच्या गाड्या बघत इथली मुलं मोठी झाली. आता त्यात मोटोक्रॉसची, म्हणजे उड्या आणि चढउतार असलेल्या मातीच्या ट्रॅकवरच्या दुचाकी शर्यतींची, भर पडलीय. जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात बालेवाडीला सुपरक्रॉस लीगची (स्टेडियममधल्या मोटोक्रॉसची) पहिली फेरी रंगली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केटीएमनं आपल्या मोटोक्रॉस गाड्या भारतात विक्रीला आणल्या. कावासाकीची केएक्स तर आधीपासून मिळत होतीच. त्यामुळे अंबड-सातपूरकडच्या ओळखीच्या गॅरेजात एखादी हेडलाइट नसलेली, उंच, सडपातळ गाडी उभी दिसली की आता नवल वाटत नाही.

ज्याची गाडी असते त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: सायलेन्सर कुठला टाकू? मी कळकळीनं सांगतो, सायलेन्सर राहू द्या. कंपनीतून आलेल्या अडीचशे सीसीच्या गाडीत आपल्याला झेपेल त्याहून जास्त ताकद असते. खरा खर्च आणि खरा वेळ द्यायचा तो गाडी आपल्या वजनाला, उंचीला आणि हाताला जुळवून घेण्यासाठी.

सुरुवात मागच्या सस्पेन्शनपासून, म्हणजे धक्के झेलणाऱ्या स्प्रिंग आणि शॉकपासून करा. आपण बसल्यावर गाडीचा मागचा भाग जेवढा खाली दबतो त्याला सॅग म्हणतात. तो मोजायला टेप आणि दोन मित्र पुरतात. गाडी स्टँडवर घ्या, मागचं चाक अधांतरी लटकू द्या. मागच्या ॲक्सलपासून सरळ वर मडगार्डवर मार्करनं एक खूण करा आणि ते अंतर लिहून ठेवा. मग गाडी खाली घ्या. हेल्मेट, बूट, छातीचं कवच, सगळं घालूनच बसा, कारण हे सामान सात-आठ किलो सहज भरतं. एकानं पुढून हँडल धरायचं, तुम्ही फुटरेस्टवर पाय ठेवून दोन-तीनदा गाडी दाबायची, स्थिर व्हायचं, आणि दुसऱ्यानं पुन्हा ॲक्सलपासून त्याच खुणेपर्यंतचं अंतर मोजायचं. दोन आकड्यांमधला फरक मोठ्यांच्या (लहान मुलांच्या नव्हे) गाडीला साधारण १०० ते १०५ मिलीमीटर यायला हवा. चाकाची एकूण हालचाल ३०० मिलीमीटरच्या आसपास असते, त्यातला हा तिसरा हिस्सा. फरक जास्त आला तर शॉकवरची रिंग आवळून स्प्रिंगचा ताण वाढवायचा, कमी आला तर सैल करायची.

पण इथे थांबू नका. आता गाडीवरून उतरा आणि नुसत्या गाडीच्या वजनानं ती किती दबते तेही मोजा. ते ३० ते ४० मिलीमीटरच्या दरम्यान असावं. तुम्ही बसल्यावरचा आकडा बरोबर आणि हा मात्र खूपच कमी, असं झालं तर स्प्रिंग तुमच्या वजनाला मऊ पडतेय. ऐकायला हे उलटं वाटतं, मला माहीत आहे. पण मऊ स्प्रिंग तुम्हाला पेलावी म्हणून आपण ती खूप आवळलेली असते, त्यामुळे एकटी गाडी दबतच नाही. हा आकडा जास्त आला तर स्प्रिंग कडक आहे. अशा वेळी रिंग कितीही फिरवली तरी उपयोग नाही, वजनाप्रमाणे स्प्रिंगच बदलावी लागते. ऐंशी-नव्वद किलोच्या माणसानं पहिला पैसा इथे घालावा.

आता हँडल आणि लिव्हर. मोटोक्रॉसमध्ये माणूस बहुतेक वेळ उभा असतो, म्हणून उभं राहून, कोपर वर ठेवून बघा. क्लच-ब्रेकच्या लिव्हरवर बोटं ठेवल्यावर मनगट सरळ राहिलं पाहिजे. लिव्हरचे क्लॅम्प गच्च आवळू नका, जोर लावला की फिरतील इतपतच ठेवा. गाडी पडली तर लिव्हर फिरून वाचते, तुटत नाही.

उंचीचा प्रश्न आपल्याकडे बऱ्याच जणांना येतो. सीट ९५० मिलीमीटरच्या घरात असते आणि पाच फूट चार इंचाच्या मुलाचे पाय टेकत नाहीत. म्हणून लगेच सस्पेन्शन कापून गाडी बुटकी करायला जाऊ नका. आधी सीटचा फोम थोडा कमी करून बघा. गाडी चालती झाली की पाय टेकायची गरज फारशी पडतच नाही.

चेनबाबत एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. मागचं चाक वर-खाली होताना पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक), स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) पिव्होट, म्हणजे बिजागरी, आणि ॲक्सल एका रेषेत आले की चेन सर्वांत ताणली जाते. त्या क्षणी तिला ढील उरली नाही तर गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर घाव बसतो. रस्त्यावरच्या गाडीच्या सवयीनं चेन आवळली तर हेच होतं. उभ्या गाडीला ती लोंबकळल्यासारखी दिसली तरी मॅन्युअलमधल्या मापावर विश्वास ठेवा. स्प्रॉकेट बदलायचंच असेल तर मागे एक दात वाढवून सुरुवात करा. पुढचा एक दात मागच्या जवळपास चार दातांइतका फरक पाडतो.

ग्रीसबद्दल तर मी हट्टीच आहे. नव्या गाडीच्या मागच्या लिंकेजमध्ये (शॉकला स्विंगआर्मशी जोडणाऱ्या सांध्यांमध्ये) आणि हँडलच्या बेअरिंगमध्ये बरेचदा नाममात्र ग्रीस असतं. पहिल्या राइडआधी ते उघडून भरून घ्या. पावसाळ्यानंतर आपली काळी माती चाकांना, मडगार्डखाली चिकटून किलोकिलोनं वजन वाढवते, मग आपण प्रेशरचं पाणी मारतो, आणि ते पाणी नेमकं या बेअरिंगांत शिरतं. उन्हाळ्यात मुरमाची धूळ असते, तेव्हा लक्ष एअर फिल्टरकडे द्यायचं. फोमचा फिल्टर पेट्रोलनं धुऊ नका, त्याचे जोड सुटतात. फिल्टर क्लीनरनं धुवा, पूर्ण वाळवा, फिल्टर ऑइल सगळीकडे मुरेपर्यंत हातानं दाबा आणि बसायच्या कडेला ग्रीसचा पातळ थर द्या. या कडेतून शिरलेली चिमूटभर धूळ पिस्टन खाते.

या गाड्या रस्त्यावर चालवायला परवानगी नसते, त्यामुळे पिकअप किंवा छोटा हत्ती लागतोच. आणि कुणाच्या रानात उतरण्याआधी मालकाला विचारा. द्राक्षाच्या बागेजवळ तर जाऊच नका.

पहिल्या दिवशी अर्धा तासच, हलक्या हातानं चालवा, मग थांबा. चाकाच्या स्पोकवर पान्यानं हळूच टकटक करा. घट्ट स्पोक टणकन वाजतो, सैल झालेला बद्द बोलतो. नव्या चाकात स्पोक बसतात, सैल होणारच. सैल सापडला की पाव फेरा आवळा, जास्त नको, आणि लगेच शेजारचा न घेता दोन सोडून तिसरा घ्या, म्हणजे रिम एका बाजूला ओढली जात नाही. काही तास चालवल्यावर सॅग पुन्हा मोजा, कारण नवी स्प्रिंगही थोडी बसते. ते झाल्यावरच कॉम्प्रेशन (सस्पेन्शन दबण्याचा वेग) आणि रिबाउंड (परत उसळण्याचा वेग) ठरवणाऱ्या क्लिकरना, म्हणजे टिकटिक फिरणाऱ्या स्क्रूंना, हात लावा: आधी कंपनीची सेटिंग वहीत लिहा, मग एका वेळी एकच स्क्रू, दोनच क्लिक, आणि त्याच ट्रॅकवर त्याच वळणावर फरक बघा.

नमस्कार.