ब्रॉडवे बिलची धाव

शर्यत घोड्याने जिंकली आहे. टाळ्या थांबलेल्या नाहीत, आणि घोडा अंतिम रेषेपलीकडे कोसळला आहे. त्याचं काळीज फुटलं आहे.

हा १९३४ चा अमेरिकन बोलपट, 'ब्रॉडवे बिल'. दिग्दर्शक फ्रँक काप्रा.

नायक डॅन ब्रुक्स. सासऱ्याच्या कागदी खोक्यांच्या कारखान्यात त्याचा जीव रमत नाही. एक दिवस सगळं सोडून तो आपल्या घोड्याला घेऊन निघतो. खिशात दमडी नाही. गळक्या तबेल्यात पावसाची रात्र, घोडा आजारी, आणि त्याच्याजवळ मोतद्दार व्हायटी. ही भूमिका क्लॅरेन्स म्यूज यांची. डॅनची मेहुणी अ‍ॅलिस, म्हणजे मर्ना लॉय, आपल्या वस्तू गहाण टाकते, पण पैसे कुठून आले हे त्याला कळू देत नाही. मला तर हा सिनेमा तिचाच वाटतो.

आणखी एक प्रसंग पाहाच. इस्पितळात पडलेला एक धनाढ्य माणूस ब्रॉडवे बिलवर फक्त दोन डॉलर लावतो. या तोंडून त्या तोंडी जाता जाता त्या दोन डॉलरची प्रचंड रक्कम होते, आणि एकाला शंभर असलेला भाव भराभर उतरतो. रेसकोर्सवर घोड्याआधी अफवा धावते, ती अशी.

शर्यतीचं चित्रीकरण कॅलिफोर्नियातल्या टॅनफोरान रेसकोर्सवर झालं. जॉकी फितूर आहे, लगाम मागे खेचतो आहे. तरी घोडा थांबत नाही.

काप्रांच्या मनात मात्र सल राहिला. नायक वॉर्नर बॅक्स्टर यांना घोड्यांची भीती वाटायची. सिस्को किड या घोडेस्वाराच्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळवलेला हा नट! डॅनने घोड्याच्या मानेला मिठी मारावी, कानात बोलावं, असं काप्रांना हवं होतं. ते बॅक्स्टरना जमेना.

म्हणून १९५० मध्ये काप्रांनी तीच गोष्ट पुन्हा केली, 'रायडिंग हाय' या नावाने. नायक बिंग क्रॉस्बी. मूळ सिनेमा मग कित्येक वर्षं पडद्याआड गेला.

पण शर्यतीची बरीच दृश्यं काप्रांनी जुनीच वापरली. व्हायटी पुन्हा म्यूजच. त्यांच्या चेहऱ्यावर सोळा वर्षं स्पष्ट दिसतात, आणि ते ज्याच्याकडे डोळे लावून बसले आहेत, तो घोडा अजून १९३४ च्या मैदानावर धावतो आहे.