तेलाची कुपी जिन्यात

(दृश्य: टिळकवाडी, बेळगाव. दुसरं रेल्वे गेट. घंटी, गेटाशी थांबलेल्या स्कूटर.)

मिरजेकडून लोंढ्याला जाणारी गाडी गेली की हे गेट उघडेल. आपल्याला मात्र आतल्या गल्लीत, एका घराच्या माळ्यावर जायचंय. तिथंही गाड्या धावतात. खऱ्या गाडीच्या 87व्या हिश्शाच्या. रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर.

काकांची सगळी नोकरी उद्यमबागेतल्या लेथवर गेली. फिरेल त्याला तेल, हा तिथला पहिला धडा. तोच त्यांनी माळ्यावर गिरवला आणि वर्षभरात डबे रांगायला लागले.

(क्लोजअप: उलटा धरलेला डबा. आसाच्या टोकाशी काळा चिकटा.)

त्यात तेल थोडं. बाकी सगळी धूळ आणि सतरंजीचे तंतू. बरं, तेल जिथं घातलं तिथं थांबतही नाही. आसावरून चाकावर, चाकावरून रुळावर. इंजिनाला वीज मिळते ती याच रुळांतून. ते मळले की इंजिन उचक्या देत चालतं. काही तेलं तर प्लास्टिकच खातात.

"तेल म्हणजे धुळीला आवताण की ओ," काका म्हणतात.

डब्याच्या आसाची टोकं सुईसारखी निमुळती. ती प्लास्टिकच्या खळग्यांत टेकतात. हे प्लास्टिक डेल्रिन असेल तर मुळातच निसरडं, बहुधा काही घालावंच लागत नाही. आधी पुसायचं, चाक फिरवून बघायचं. तरी अडलं, तर टूथपिकच्या टोकावर मावेल एवढी ग्राफाइटची पूड.

ग्राफाइटमधले कार्बनचे थर पत्त्यांच्या कॅटासारखे एकमेकांवरून सरकतात. आणि गंमत म्हणजे, नीट सरकायला त्यांना हवेतला ओलावा लागतो! निर्वात जागेत ग्राफाइट पार हात टेकतं. बेळगावच्या पावसाळ्यात, कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत तेव्हा, ती चिंता नाही.

डबे जोडणाऱ्या कपलरला तर ही पूड फारच मानवते. कपलर स्प्रिंगने मधोमध परत यायला हवा. तेलकट झाला की एका अंगाला अडकून बसतो, मग डबे नीट जुळत नाहीत.

पण ग्राफाइटमधून वीज वाहते. धातूच्या चाकांच्या जोडीत निदान एका बाजूला प्लास्टिकचा बारीक बुश असतो, दोन रुळांची वीज एकमेकींना भिडू नये म्हणून. त्यावर पुडीचा थर बसला तर शॉर्ट. तिथं पांढरी टेफ्लॉन पूड बरी. इंजिनाच्या गिअरचं वेगळं. त्यांना प्लास्टिकला चालणारं तेल किंवा ग्रीस कणभर लागतंच.

कॅरमची पावडर चालेल का, हे मी विचारून घेतलं. "ती कॅरमवरच ऱ्हाऊदे."

(दृश्य: फळीवर सरळ रूळ. काका एका टोकाखाली वही सारतात. डबा आपसूक निघतो.)

"पळूलालाय बघा."

तेलाची कुपी आता जिन्यात असते, काकूंच्या शिलाई मशिनीपाशी.