बोंडूचा वास आणि चिलटाचं नाक

एप्रिलची दुपार. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एका काजूबागेत बोंडू, म्हणजे काजूची फळं, मळून झालेत. रस पिंपात उतरलाय, चोथा बाजूला पडलाय. आता जरा खाली वाका. चोथ्यावर हे जे लाल डोळ्यांचं बारीक काहीतरी सरकतंय, ते चिलट. लांबी जेमतेम तीन मिलिमीटर. शास्त्रज्ञ ज्याला ड्रोसोफिला म्हणतात, त्या कुळातलं.

आंब्यात अळ्या पाडणारी फळमाशी ती वेगळी आणि मोठी. चिलटाला हवं असतं आंबायला लागलेलं फळ, कारण त्यावर वाढणारं यीस्ट हेच त्याचं आणि त्याच्या अळ्यांचं अन्न. आमच्या आजोळी फेणी गाळायची भाटी होती. पिंपाच्या तोंडावर फडकं घट्ट बांधलेलं असायचं, तरी सकाळी त्यावर चिलटं बसलेली दिसायची. एवढ्याशा जिवाला कळतं कसं, हा प्रश्न मला तिथेच पडला.

या प्रश्नाच्या उत्तराची एक महत्त्वाची सुरुवात आपल्या जवळच, मुंबईत झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जनुकशास्त्रज्ञ ओबेद सिद्दिकी होते आणि त्यांच्याकडे पीएचडी करायला आल्या वेरोनिका रॉड्रिग्ज. जन्म १९५३चा, केनियातला; आईवडील मूळ गोव्याचे. दोघांनी या चिलटांच्या, म्हणजे ड्रोसोफिला माश्यांच्या, जनुकांमध्ये रसायनाने बदल घडवले आणि त्यांच्या पुढच्या पिढ्या इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराच्या नळीत सोडल्या. एका फाट्यात वास, दुसऱ्यात नुसती हवा. बहुतेक माश्या आपल्या स्वभावाप्रमाणे वळल्या. काही मात्र चुकल्या, आणि त्यांचं चुकणंच मोलाचं ठरलं. त्यांना काही ठरावीक वास कळत नव्हते. बाकीचे व्यवस्थित कळत होते. म्हणजे वास घेण्याची शक्ती अखंड नव्हती. जनुकागणिक तिचे तुकडे पडत होते. हे काम १९७८ साली छापून आलं. या माश्यांच्या घ्राणेंद्रियाचा जनुकांच्या वाटेने घेतलेला तो अगदी सुरुवातीचा शोध. गोव्यातल्या शाळांमध्ये वेरोनिकाबाईंचं नाव मुलांच्या कानावर पडायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

या माशीची गंध पकडणारी जनुकं प्रत्यक्ष हाती लागायला मात्र १९९९ उजाडलं. तिच्यात अशी सुमारे ६० जनुकं आहेत. माणसात ती चारशेच्या आसपास. चिलटाचं नाक म्हणजे डोळ्यांच्या मधल्या दोन आखूड शृंगिका (मिशांसारखे अवयव) आणि तोंडाजवळची एक छोटी जोडी. एकेका शृंगिकेत गंध ओळखणाऱ्या सुमारे १,२०० पेशी असतात. सहसा एक पेशी एकाच जनुकाचा ग्राहक, म्हणजे गंध पकडणारं प्रथिन, निवडते. जोडीला ऑर्को नावाचा एक सामायिक साथीदार असतो. तो बिघडला की माशीला फळांचे बहुतेक वास येईनासे होतात. एकाच ग्राहकाच्या पेशी कुठेही विखुरलेल्या असोत, त्यांचे तंतू मेंदूत एकाच गाठीत येऊन मिळतात. अशा गाठी सुमारे ५०. त्या गाठी वाढीच्या काळात कशा घडतात, याचाही वेरोनिकाबाईंनी पुढे अभ्यास केला.

आता पुन्हा पिंपाकडे येऊ. व्हिनेगरचा हलका वास आला की ठरावीक दोन गाठी जाग्या होतात आणि माशी जवळ येते. तोच वास फार उग्र झाला की आणखी एक गाठ पेटते, आणि माशी मागे फिरते. वास तोच, फक्त त्याचं प्रमाण बदललेलं. उपाशी माशीच्या एका गाठीला येणारा संदेश तर आणखी जोरकस होतो. आंबट वासाकडे ती जास्त ओढीने जाते.

जूनमध्ये पहिली सर येते आणि मातीचा वास सुटतो. आपण अंगणात येऊन तो छाती भरून घेतो. त्या वासात जिओस्मिन असतं, मातीतल्या जिवाणूंनी तयार केलेलं. काही बुरश्याही ते बनवतात. चिलटाकडे एक ग्राहक फक्त या जिओस्मिनसाठी राखलेला आहे. त्याचा निरोप आला की समोर व्हिनेगरचा वास असला तरी माशीची ओढ ओसरते आणि मादी तिथे अंडी घालायचं टाळते. हा वास म्हणजे तिच्यासाठी फळावर घातक बुरशी चढल्याची खूण.

तोवर बोंडूंचा हंगाम संपलेला असतो. भाटीची चूल विझलेली, पिंपं धुऊन पालथी घातलेली. शेवटच्या चोथ्यावर सर कोसळते, आणि कालपर्यंत तिथे घोंगावणारी चिलटं आज दिसत नाहीत.