टर्कीचा हंगाम: चोक, काडतूस आणि कोरा कागद

हा रानटर्कीचा नर. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात वसंतातली टर्कीची शिकार एप्रिलमध्ये सुरू होते. पिसारा फुलवला की हा पक्षी केवढा मोठा दिसतो! पण नेम धरायचा तो डोक्यावर आणि मानेवर. अंगावर दाट पिसं, त्याखाली छातीचं जाड मांस, बाजूला पंखांची हाडं. तिथे लागलेले छर्रे त्याला जखमी करतात, पाडत नाहीत.

मेंदू आणि मानेचे मणके हे लक्ष्य अगदी लहान. म्हणून छर्रे जवळजवळ राहिले पाहिजेत. ते काम या नळकांड्याचं, चोकचं. बंदुकीच्या तोंडाशी तो पेचाने बसतो आणि नळी शेवटच्या काही इंचांत अरुंद करतो. बारा बोअरच्या नळीचा व्यास साधारण ०.७२९ इंच, कोकणात शेतराखणीच्या परवान्यावर असते ती काडतुसी बंदूकही बहुधा याच बोअरची. बंदुकीबरोबर येणारा ‘फुल’ चोक ०.६९५ च्या आसपास असतो. खास टर्कीसाठीचे चोक ०.६६० किंवा त्याहूनही अरुंद. मात्र मूळ नळीचा व्यास कंपनीगणिक थोडा बदलतो. त्यामुळे दोन बंदुकांच्या चोकवर एकच आकडा असला, तरी नळीच्या मानाने आवळणं सारखं नसतं.

आणि जितका अरुंद तितका चांगला, असं मुळीच नाही. शिसं मऊ असतं. फार अरुंद वाटेतून जाताना छर्रे एकमेकांवर दाबून चपटे होतात, आणि चपटा छर्रा भरकटतो. बार मारलेल्या या कागदावर पाहा, कडेला विखुरलेली भोकं आणि मधोमध मोकळी जागा. चोक एकच पायरी सैल घेतल्यावर त्याच काडतुसाने हा दुसरा कागद कसा भरला!

आता काडतूस. शिशात चार, पाच आणि सहा नंबरचे छर्रे चालतात. नंबर वाढतो तसा छर्रा लहान होतो. टर्कीसाठी चार नंबरपेक्षा मोठा छर्रा मिसुरीत चालत नाही. पाच नंबरचे औंसात सुमारे १७० बसतात; तांब्याचा मुलामा असेल तर ते कमी चपटे होतात. शेजारी ठेवलेले बारीक दाणे टंगस्टन या धातूचे, टीएसएस म्हणजे ‘टंगस्टन सुपर शॉट’. घनता घनसेंटिमीटरला सुमारे १८ ग्रॅम. शिशाची ११ च्या थोडी वर. इतक्या वजनदार धातूचा नऊ नंबरचा दाणा पाच नंबरच्या शिशाच्या तोडीने आत शिरतो, आणि औंसात सुमारे ३६० मावतात. म्हणूनच आता वीस बोअरची, म्हणजे बारापेक्षा अरुंद नळीची, हलकी बंदूकही या कामाला पुरते. काडतूस शिशाच्या कित्येक पट महाग, हे खरं. शिवाय हा धातू कडक, दबत नाही. चोक बनवणाऱ्याने टंगस्टनसाठी चालेल असं लिहिलं असेल, तरच वापरावा.

काडतुसाची लांबी नळीवर कोरलेली असते. तीन इंची घरात, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेत, साडेतीन इंची काडतूस कधीही घालू नये. उडताना त्याचं तोंड पुढच्या अरुंद भागात उघडतं आणि दाब धोक्याच्या पातळीवर जातो.

खरा निकाल इथे, ४० यार्डांवर, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटरवर. यार्डभर रुंद कोरा कागद, मध्ये एक ठिपका, बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकवलेली. आधी हलक्या, स्वस्त काडतुसांनी जवळून नेम तपासून घ्यावा. टर्कीच्या काडतुसाचा धक्का खांद्याला चांगलाच जाणवतो. मग चोक आणि काडतुसाच्या एका जोडीचे निदान तीन बार, प्रत्येकाला नवा कागद. जिथे भोकं सर्वांत दाट तिथे दहा इंच व्यासाचं वर्तुळ काढायचं आणि मोजायचं. शंभर किंवा जास्त असतील तर जोडी जमली. कमी असतील तर चोक बदला, नाहीतर काडतूस बदला. दोन्ही एकदम बदलले तर फरक कशाने पडला ते कळणारच नाही.

वर्तुळाचं केंद्र ठिपक्यापासून किती सरकलंय तेही मोजावं. चार-सहा इंच डावीकडे मारणाऱ्या बंदुका सर्रास भेटतात. त्यावर उपाय म्हणजे सरकवता येणारी माशी (नळीवरची नेम धरायची खूण) किंवा लाल ठिपक्याची दुर्बीण.

आता हा कागद दहा यार्डांवरचा. सगळे छर्रे बशीएवढ्या जागेत. पक्षी इतका जवळ आला आणि त्याने मान किंचित हलवली, तर पूर्ण बार हुकतो. आवळलेल्या चोकची ही किंमत आहे, आणि ती आधी पाहून ठेवलेली बरी.

चोकच्या पेचाला थोडं वंगण लावावं आणि तो चावीने घट्ट बसवावा. दर काही बारांनंतर बंदूक रिकामी करून तो पुन्हा तपासावा. सैल झालेल्या चोकच्या कडेवर छर्रे आपटले की नळीचं तोंड फुगतं. काडतुसातल्या प्लॅस्टिकचा थरही आत साचतो, तो ब्रशने काढावा.

कागदावर ४० यार्डांना शंभर भरले नाहीत, तर पाच-पाच यार्ड पुढे या. जिथे भरतील, तीच त्या बंदुकीची हद्द.