बंबाला पाणी कुठलं?

श्रोतेहो, नमस्कार.

१४ एप्रिल म्हटलं की आपल्याकडं निळे झेंडे, ढोल आणि बाबासाहेबांची जयंती. आम्हा बंबवाल्यांसाठी त्या तारखेला आणखी एक आठवण चिकटलेली आहे. १९४४ साली याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाचं जहाज पेटलं. एकाच जहाजात कापसाच्या गाठी आणि दारूगोळा. ती आग विझवायला गेलेले ६६ जवान परत आले नाहीत. म्हणून १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सप्ताह. नोकरीत होतो तेव्हा सकाळी त्या जवानांना मानवंदना द्यायची आणि संध्याकाळी मिरवणुकीच्या बाजूला बंब लावून रात्री उशिरापर्यंत उभं राहायचं, हा ठरलेला क्रम. १४ एप्रिलची सुट्टी मला उभ्या नोकरीत मिळाली नाही. त्याची तक्रार नाही, मिरवणूक फुकटात बघायला मिळाली.

आज मात्र मला वेगळ्याच जागेबद्दल बोलायचंय. नाथसागराच्या, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, काठाबद्दल.

गेल्या काही वर्षांत पैठणच्या रस्त्याला लागलं की दुतर्फा फलक दिसतात. 'बॅकवॉटर टच प्लॉट', म्हणजे धरणाच्या पाण्याला लागून, 'एनए ४४', म्हणजे बिगरशेती जमीन, 'सुलभ हप्ते', आणि शेजारी पाण्यावर उतरलेल्या रोहित पक्ष्यांचं चित्र. बिडकीनला औद्योगिक वसाहत आली, जमिनीला भाव आला, आणि ज्या काठावर पूर्वी फक्त भोई बांधवांची जाळी वाळत होती तिथं आता फार्म हाऊस, हुरडा पार्टीची ठिकाणं आणि गवती छपराची कॉटेजेस उभी राहिली. माझा भाचासुद्धा दोन गुंठे घेऊन बसलाय. मला तो मोठ्या हौसेने प्लॉट दाखवायला घेऊन गेला. मी विचारलं, "आग लागली तर बंब कुठून येईल रे?" तो हसला. "मामा, समोर समुद्र हाय की. पाण्याच्या काठाला कसली आग लागती?"

हे वाक्य मी आधीही ऐकलं होतं. थोड्या वेगळ्या शब्दांत.

मे महिन्यातली दुपार होती. मी ज्या ठिकाणी नोकरीला होतो तिथल्या स्टेशनवर कॉल आला, धरणाच्या काठाला एका हॉटेलाची कॉटेजेस पेटलीत. आम्ही निघालो. अर्ध्या वाटेतच धूर दिसत होता, म्हणजे जागा शोधायचा त्रास नव्हता. त्रास गेटवर सुरू झाला. गेटला भली मोठी कमान, वर सिमेंटचे दोन हत्ती सोंडा उंचावून स्वागताला उभे. कमान उंच दहा फूट आणि टपावरची शिडी धरून आमचा बंब साडेदहा. ड्रायव्हर खाली उतरला, कमानीकडं बघितलं, हत्तींकडं बघितलं आणि जे बोलला ते आकाशवाणीवर सांगता येणार नाही. शेवटी बाजूचं तारेचं कुंपण तोडलं आणि शेजाऱ्याच्या टमाट्याच्या प्लॉटमधून गाडी आत घातली. त्यात सात-आठ मिनिटं गेली. वाळल्या गवताच्या छपराला सात-आठ मिनिटं म्हणजे सगळं आयुष्य झालं.

बंबाच्या टाकीत साडेचार हजार लिटर पाणी होतं. ऐकायला पुष्कळ वाटतं. दोन नळ्या पूर्ण सोडल्या की चार-पाच मिनिटांत टाकी खडखडीत. मग मालक मला म्हणाला, तो घामाघूम झालेला, हातात अजून गिऱ्हाइकाच्या ऑर्डरची वही, "साहेब, समोर एवढं पाणी हाय, ते कामून घेईनात?"

समोर पाणी होतं, हे खरं. चमचम करत होतं. पण आम्ही उभे होतो तिथपासून पाण्यापर्यंत सगळा भेगाळलेला गाळ. पावसाळ्यात पाणी जिथं कुंपणाला लागतं, तिथून ते उन्हाळ्यात किती मागं सरकतं हे काठावरच्या शेतकऱ्याला विचारा. त्याच उघड्या पडलेल्या जमिनीवर तो गाळपेरा करतो, कलिंगडं घेतो. प्लॉट विकणारा मात्र फोटो काढतो तो ऑक्टोबरमधला.

आता थोडं पंपाचं. पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो. खरं तर तो नळीतली हवा काढून टाकतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. हा दाब पाणी फार तर दहा मीटर चढवू शकतो, तेही कागदावर. प्रत्यक्षात सात मीटरच्या वर भरवसा ठेवू नये. सक्शनचा पाईप म्हणजे अडीच-तीन मीटरचे तीन-चार तुकडे. सगळे जोडले तरी दहा मीटरच्या आसपास. म्हणजे बंब पाण्यापासून दहा मीटरवर न्यायलाच हवा. आणि काळ्या मातीच्या ओल्या गाळात दहा-बारा टनांची गाडी घातली, तर आधी बंब काढायला ट्रॅक्टर लावावा लागेल. नाथसागर पूर्ण भरला की पातळी १५२२ फूट, हा आकडा आपल्याकडं शाळकरी पोरालाही पाठ असतो. मृतसाठ्याला टेकला की तेच पाणी पंचवीसेक फूट, म्हणजे साडेसात मीटरच्या वर, खाली जातं. म्हणजे पुराच्या रेषेवर बंब लावून खालचं पाणी ओढायचं म्हटलं, तर ते सात मीटरच्या भरवशात बसत नाही. मग मालक ओरडो, आमदार फोन करो.

त्या दिवशी आम्ही पाईप लावून बघितला. माणसांनी खांद्यावर गाळातून नेला. जाळीत शेवाळ आणि चिखल अडकला, प्रायमिंग, म्हणजे नळीतली हवा निघून पाणी भरणं, झालंच नाही, पंप नुसता खोकत राहिला. दोन कॉटेजेस पुरी गेली, तिसरं वाचलं. माणूस कुणी दगावला नाही. आचाऱ्याचे हात भाजले. आग लागली होती भट्टीच्या ठिणगीने, वाऱ्याने उडून छपरावर गेलेली.

शंभर टीएमसीच्या वर पाणी साठवणारं धरण. त्याच्या पोटात शंभराहून जास्त गावं गेली. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालं. एवढं सगळं होऊन, आग लागते त्या महिन्यात पाणी सगळ्यात लांब गेलेलं असतं. वणवा, पाचट, वाळलं गवत, उन्हाने सैल पडलेल्या तारा, सगळं फेब्रुवारी ते मे. आणि पाणी काठाला येतं ते सप्टेंबरात, जेव्हा काडी पेटवायची म्हटली तरी ओलसर असते.

मग काठावर घर बांधूच नये का? तसं मी म्हणत नाही. पण लेआउट बघताना ज्या गोष्टी लोक विचारतात, क्लबहाऊस आहे का, स्विमिंग पूल आहे का, त्यात एक प्रश्न घाला: बंबाला पाणी कुठलं? 'बोअर आहे' हे उत्तर चालणार नाही. बोअरच्या दोन इंची पाईपवर बंब भरायला अर्धा तास सहज जातो. शिवाय आग लागली की पहिलं काम आम्ही काय करतो? लाईट बंद करायला सांगतो. मोटर गेली. शेतीच्या थ्री फेजचं वेळापत्रक तर तुम्हाला मी सांगायला नको. जमिनीत बांधलेली पाण्याची टाकी, जी बागेला वापरायची नाही, तिच्याजवळ बंब उभा राहील अशी पक्की जागा, आणि पाण्याच्या कडेपर्यंत नेता येईल असा डिझेलवर चालणारा छोटा पोर्टेबल पंप. हा पंप दोन-चार माणसं उचलून गाळातून पाण्यापर्यंत नेऊ शकतात आणि तिथून पाणी वर ढकलू शकतात. ढकलायला सात मीटरची अट नाही, ती फक्त ओढायला. स्विमिंग पूल असेल तर तोही कामाला येतो, फक्त त्याच्याभोवती फुलझाडांची भिंत बांधू नका.

आणि टँकर. मराठवाड्याला टँकर शिकवायची गरज नाही! उन्हाळ्यात कुठल्या गावात कुणाचा टँकर कुठं उभा असतो, त्याची किल्ली कुणाकडं असते, हे गावच्या ग्रामसेवकाला झोपेतही ठाऊक असतं. त्या टँकरवाल्यांचे नंबर वसाहतीच्या ऑफिसात भिंतीवर लिहून ठेवा. एका टँकरमध्ये दहा-बारा हजार लिटर पाणी असतं, बंबाच्या दुपटीहून जास्त. टाकी रिकामी होऊन हात चोळत उभं राहण्यापेक्षा दुसरी खेप दारात आलेली बरी.

कमानीचं परत बोलतो, कारण माझा त्या हत्तींवर राग आहे. राष्ट्रीय बांधकाम संहिता उंच इमारतींसाठी सांगते की प्रवेशद्वार निदान सहा मीटर रुंद हवं आणि वर कमान असेल तर तिच्याखाली साडेचार मीटर उंची मोकळी हवी. काठावरची घरं बुटकी, म्हणून ही अट आपल्याला नाही असं म्हणणारे भेटतात. अट नसेल. बंब मात्र तोच येणार आहे, बुटक्या घरासाठी म्हणून बुटका बंब काही येत नाही.

धरणात जुनी गावं गेली आणि लोकांना नवीन गावठाणं मिळाली, त्यातली काही मी बघितलीत. सरळ आखलेले रुंद रस्ते. म्हातारी माणसं तेव्हा नाराज होती, म्हणायची, ही काय गावं आहेत, ना वाडा ना बोळ. पण तिथं बंब वळतो, थांबतो, परत फिरतो. त्याच्या शेजारच्या शिवारात गुंठ्या-गुंठ्याने पडलेल्या वस्तीत मात्र दोन मोटारसायकली समोरासमोर आल्या की एकीला मागं जावं लागतं. गुंठेवारीचा कायदा २००१ साली आला, २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात आली. गोरगरिबाची घरं वाचली, चांगलं झालं. शुल्क भरलं की घर नियमित होतं. गल्ली आहे तेवढीच राहते.

शेतकऱ्याला हे शहाणपण मुळात असतंच. कडब्याची गंजी तो घराला खेटून रचत नाही, वारा कुठून येतो ते बघतो, चुलीच्या बाजूला तर कधीच नाही. शहरातून आलेला माणूस तीच गंजी 'डेकोर' म्हणून व्हरांड्यात आणून ठेवतो. कुंपणाला लागून ऊस असेल तर आणखी जपा. वरच्या तारा लोंबकळत असतात, वाऱ्यात एकमेकींना घासल्या की ठिणगी खाली पडते आणि पाचटाची आग तुमच्या भिंतीपर्यंत यायला वेळ घेत नाही. कुंपणाच्या आत निदान एका बैलगाडीच्या वाटेएवढी पट्टी गवत काढून उघडी ठेवा. महावितरणकडं तारा ताणून घ्यायचा अर्ज करा, आणि तो दर वर्षी करा.

एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूजला हातमोजे बनवणाऱ्या कारखान्यात आग लागली, आत झोपलेले सहा कामगार गेले. पुढच्या एप्रिलमध्ये छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात खाली कपड्यांच्या शिलाईचं दुकान, वर घर, पहाटेची वेळ, आणि एकाच कुटुंबातली सात माणसं धुरात गुदमरून गेली. दोन्ही वेळा माणसं झोपेत होती. धूर झोपलेल्याला उठवत नाही, आणखी गाढ झोपवतो. फार्म हाऊसवर शनिवार-रविवारी हेच चित्र असतं: चोरांच्या भीतीने सगळ्या खिडक्यांना पक्की ग्रील, एकच दार, त्याला आतून कुलूप, आणि किल्ली कुणाच्या तरी पँटच्या खिशात. एका खिडकीची ग्रील आतून उघडणारी करून घ्या. वेल्डरला सांगितलं तर अर्ध्या दिवसाचं काम आहे. धुराचा गजर मिळत असेल तर तोही छताला लावा. आणि गॅसचा वास आला तर लाईटचं बटण चालूही करू नका, बंदही करू नका. गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली जमिनीलगत साचतो. दार-खिडक्या उघडा, बाहेर पडा, आणि १०१ किंवा ११२ लावा. फोनवर गावाचं नाव सांगून थांबू नका, कुठल्या फाट्याला वळायचं ते सांगा. 'बॅकवॉटरला या' असं सांगणारे कॉल मी घेतलेत. बॅकवॉटर काही एका गल्लीचं नाव नाही.

माझ्या भाच्याचं काय झालं, ते सांगून थांबतो. त्या दिवशी तो हसला खरा, पण मी खिशातून टेप काढला आणि त्यांच्या वसाहतीची कमान मोजली. साडेअकरा फूट, म्हणजे साडेतीन मीटर, संहितेतल्या साडेचार मीटरपेक्षा बरीच कमी. वर हत्ती नव्हते, घोडे होते. भाचा डेव्हलपरशी बोलला. कमान पाडायला तो तयार झाला नाही, म्हणाला, ब्रोशरवर तीच आहे. पण बाजूचं कुंपण सहा मीटर तोडून तिथं लोखंडी फाटक बसवून द्यायला तयार झाला, फक्त बंबासाठी. परवा भाच्याचा फोन होता, फाटक बसलं म्हणून सांगायला. मी विचारलं, कुलूप आहे का? आहे. किल्ली कुणाकडं? वॉचमनकडं. आणि वॉचमन रात्री कुठं असतो?

तिकडून थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग म्हणाला, "मामा, तो सहाला गावात जातो."

नमस्कार.