लढाई संपत आली म्हणून उतरलेला देश

नमस्कार श्रोतेहो.

खासबागेत कुस्त्या बघत वाढलेल्यांना हे सांगायला नको: गडी चितपट झाल्यावर मैदानात उडी घेणाऱ्याला कुणी पैलवान म्हणत नाही. १० जून १९४० ला इटलीचा हुकूमशहा मुसोलिनीनं रोममधल्या सज्जातून फ्रान्स-ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारलं, तेव्हा जर्मन फौजा पॅरिसजवळ पोचल्या होत्या. चार दिवसांत पॅरिस पडलं.

आपली तयारी नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. १९३९ च्या ऑगस्टमध्ये, युद्धात उतरायचं तर हे द्या, अशी मागणी त्यानं हिटलरकडं धाडली होती: ६० लाख टन कोळसा, ७० लाख टन तेल, शिवाय पोलाद, तांबं. जर्मनीला देता येऊच नये, अशीच ती यादी. १९४० मध्येही इटलीच्या सत्तरहून जास्त डिव्हिजनपैकी, म्हणजे सैन्याच्या मोठ्या तुकड्यांपैकी, पुऱ्या सज्ज होत्या जेमतेम वीसेक. मग उतरला कशाला? मला वाटतं, तयारी नव्हती म्हणूनच ही घाई. लांबलेली लढाई झेपणार नाही, तेव्हा संपता संपता शिरायचं आणि वाटणीला हजर राहायचं! तहाच्या बैठकीत बसण्यापुरते काही हजार मृत हवेत, असं तो म्हणाल्याचं सेनादलांचे प्रमुख बादोलिओ यांनी पुढं लिहून ठेवलंय.

घाई केवढी, तर स्वतःच्या व्यापारी जहाजांनाही वेळेवर कळवलं नाही. जवळजवळ एक तृतीयांश जहाजं भूमध्य समुद्राबाहेर अडकली, ती गेलीच. फ्रान्सनं १७ जूनला तह मागितला, तरी २१ तारखेला इटलीनं आल्प्समध्ये मोठा हल्ला चढवला. सहाशेवर सैनिक मेले, दोन हजारांहून जास्त थंडीनं जायबंदी झाले. तेही जूनमध्ये! हाती लागलं मेंतों नावाचं एक गाव आणि थोडा डोंगराळ पट्टा.

आणि ब्रिटन काही वाकलं नाही. सगळा हिशोब तिथंच फसला.

१९४१ च्या मार्चमध्ये पूर्व आफ्रिकेतल्या एरिट्रिया या इटलीच्या वसाहतीत, केरेनच्या डोंगरावर इटालियन फौजेसमोर मराठा रेजिमेंटची पलटण चढून गेली. कोल्हापूर, सातारा, रत्नागिरीकडची पोरं या रेजिमेंटमध्ये भरती होत. त्यांना तरी कुणी विचारलं होतं? ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉयनं हिंदुस्थानला परस्पर युद्धात ओढलं होतं. पुढं लढाई खुद्द इटलीत शिरली. मुसोलिनी १९४३ च्या जुलैतच पायउतार झाला, तरी ती १९४५ च्या मेपर्यंत चालली. तिथंच, टायबर नदीच्या खोऱ्यात, १० जुलै १९४४ ला मराठा पलटणीतले यशवंत घाडगे पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.