दिव्याकडे तोंड केलेला कॅमेरा

(दृश्य : चोर बाजार, मटण स्ट्रीट. जुन्या रेकॉर्डांचा ढीग चाळणारे हात.)

निवेदन :

मुंबईत इंग्रजी गाण्यांची रेकॉर्ड घ्यायची तर काळा घोड्याला ऱ्हिदम हाउसमध्ये जायचे, असा अनेक वर्षांचा शिरस्ता होता. ते दुकान २०१६ साली बंद झाले आणि आता अशा रेकॉर्डी चोर बाजारातल्या ढिगांत धूळ झटकत शोधाव्या लागतात. शोधणारा नाव वाचत बसत नाही, तो कव्हर ओळखतो. निळा उजेड, त्यात पेटल्यासारखे दिसणारे कुरळे केस आणि ओठांशी हार्मोनिका एवढे दिसले, की हा अमेरिकन गायक बॉब डिलन हे कळते. वास्तविक या चित्रात त्याचा चेहरा जवळजवळ अंधारातच आहे.

हे छायाचित्र २८ नोव्हेंबर १९६५ रोजी वॉशिंग्टन कोलिझियममध्ये टिपलेले आहे. बर्फावरच्या खेळांसाठी बांधलेल्या याच सभागृहात त्याच्या आदल्या वर्षी बीटल्सचा अमेरिकेतला पहिला जाहीर कार्यक्रम झाला होता. छायाचित्रकार रोलंड शर्मन हा व्यवसायानेच छायाचित्रकार होता, त्यामुळे त्याला निव्वळ हौशी चाहता म्हणता येणार नाही. मात्र त्या रात्री तो कोणाच्या कामगिरीवर आलेला नव्हता, गाणे ऐकायला आला होता आणि कॅमेरा सोबत होता.

(दृश्य : मूळ छायाचित्र, हळूहळू जवळून.)

प्रकाश पाठीशी ठेवून फोटो काढावा, हे आपल्याकडे लग्नाचे फोटो काढणारा शिकाऊ मुलगाही पहिल्या दिवशी शिकतो. येथे नेमके उलट घडले आहे. दिवा गायकाच्या मागे आहे आणि कॅमेरा त्या दिव्याला सामोरा आहे, त्यामुळे चेहऱ्याचा तपशील काळोखात बुडतो आणि उजळते ती फक्त कड. हे केस चापून बसवलेले असते, तर डोक्याभोवती एक बारीक रेघ तेवढी उमटली असती. पण विस्कटलेल्या कुरळ्या केसांत तोच प्रकाश अडकला, पसरला आणि त्याचे तेजोवलय झाले. आपल्या डोळ्यांना देवादिकांच्या तसबिरींमागची प्रभावळ परिचयाची असल्यामुळे हे चित्र आपल्याला परके वाटत नाही, असे मला वाटते.

जुलै १९६६ मध्ये डिलनला मोटरसायकलचा अपघात झाला आणि त्याचे दौरे थांबले. नवी रेकॉर्ड लवकर येण्याची चिन्हे नव्हती, म्हणून त्याच्या रेकॉर्डी काढणाऱ्या कोलंबिया कंपनीने गाजलेल्या गाण्यांचा संग्रह काढायचे ठरवले. मार्च १९६७ मध्ये तो बाजारात आला आणि कंपनीचे कलादिग्दर्शक जॉन बर्ग व बॉब केटो यांनी मुखपृष्ठावर शर्मनचे हे छायाचित्र घेतले. संग्रहातली बहुतेक गाणी लोकांनी आधीच ऐकलेली होती. नवीन होते ते हे कव्हर. छायाचित्राधारित सर्वोत्तम मुखपृष्ठाचा ग्रॅमी पुरस्कार त्याला मिळाला.

आत घडी घालून मिल्टन ग्लेझर या चित्रकाराचे पोस्टरही दिलेले होते. त्यात डिलनचा चेहरा म्हणजे सपाट काळी आकृती आहे आणि केसांतून रंगांचे पट्टे वाहतात. ग्लेझरने फ्रेंच चित्रकार मार्सेल द्युशाँच्या एका आत्मचित्राचा आधार घेतला होता. तरीही कव्हर आणि पोस्टर शेजारी ठेवून पाहिले, की दोन्हीकडे चेहऱ्याचे काम केसांनीच केलेले दिसते.

(दृश्य : पुन्हा चोर बाजार. कव्हर उघडून आत पाहणारा ग्राहक.)

त्या काळची अमेरिकन प्रत येथे हाती लागलीच, तर आत बोटे घालून पाहावे. रेकॉर्ड बहुधा असते. पोस्टर मात्र कधीच कोणाच्या तरी खोलीच्या भिंतीवर गेलेले असते.